पाण्यातला उजवा हात

“अहो, नीट धरा, मी पडले तर तुम्हालाही घेऊन पडेन,” असं बाईंना म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नुसतं “अहो.”

“धरलंय गं. पडलो तर जोडीनं पडू,” नवरा म्हणाला आणि त्याने तलावाच्या कठड्यावरची पकड घट्ट केली.

बाई म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या बाई. निम्म्या गावाची पाण्याची भीती त्यांनी याच तलावात घालवली होती. पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, शब्द हरवले. वाकडं तोंड घेऊन चारचौघांत कशाला जायचं, म्हणून त्या घरातच बसून राहिल्या. शेवटी सकाळच्या तुकडीतल्या बायकांनी घरी येऊन ठिय्या दिला, तेव्हा कुठे त्या उठल्या.

खाली पाण्यात पोस्टातली कारकून उभी होती. हिनेच पोहायला शिकायच्या पहिल्या दिवशी भीतीने बाईंच्या गळ्याला मिठी मारून रडून घेतलं होतं.

“या बाई. मान सैल सोडा, मी आहे.”

बाईंचंच वाक्य. त्यांना हसू आलं, अर्ध्या तोंडाने.

पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. त्या मागे रेलल्या. कान बुडाले, सगळे आवाज लांब गेले. आणि इतके दिवस पोत्यासारखा लोंबणारा उजवा हात आपसूक वर आला, तरंगत राहिला. बाई श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिल्या. पाणी उचलून धरतं, हे त्या जन्मभर इतरांना सांगत आल्या होत्या. ते इतकं खरं असेल, हे त्यांना आज कळत होतं. काठावर नवरा त्यांच्या चपला पोटाशी धरून उभा होता, बसायचंही विसरून.

पायऱ्या चढताना सगळं वजन परत आलं. हात पुन्हा लोंबला. बाई टॉवेल गुंडाळून बाकावर टेकल्या. समोर बायका दोरीला धरून पाय मारत होत्या. पोस्टवालीचे पाय गुडघ्यात वाकत होते, पाणी फुकट उडत होतं.

“गुडघा,” बाई म्हणाल्या.

हवा तोच शब्द आला होता. पोस्टवाली थांबली. “काय बाई?”

“गुडघा... स... सरळ.”

तिने पाय सरळ केले. शेजारणीनेही केले. मग दोरीवरच्या सगळ्याच जणी माना वळवून बाईंकडे बघू लागल्या. पुढचा शब्द जिभेपर्यंत येत होता, मागे जात होता. नवऱ्याने मदतीला तोंड उघडलं आणि मिटलं.

बायका पाण्यात थांबून राहिल्या. घाई कुणालाच नव्हती.