सामान, तिसरा मजला

मी कॉलेजची लिफ्ट बोलतेय. दार नीट लागू द्या आधी, घाई मला खपत नाही.

माझ्या दारावर पाटी आहे: 'फक्त कर्मचारी व सामान'. त्यामुळे आजवर मी प्राचार्यांना एक मजला वर नेलं, चहाचे ट्रे खाली आणले आणि मोडक्या खुर्च्या गच्चीवर पोचवल्या. खुर्च्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या निदान माझ्या आरशात भांग पाडत नाहीत.

सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. अपघातात पाय अधू झालेला, दोन्ही काखांत कुबड्या. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. ती जिना चढून पोचेपर्यंत मॅडमचं समजावून झालेलं असे. मग बिचारी मैत्रिणीच्या वहीतले आकडे उतरवून घ्यायची. एकदा लिफ्टमन काकांना म्हणाली, "काका, परीक्षेत मैत्रीण नसणार. मला अजून एकही प्रयोग येत नाही. नापास होणार मी."

काका म्हणाले, "विद्यार्थी कल्याण कक्षातून परवानगी आण पोरी, लगेच नेतो."

तो कक्षही तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोरच. ती घामाघूम होऊन पोचली. कल्याण अधिकारी साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, अर्ज वाचला आणि मायेनं विचारलं, "इथपर्यंत कशी आलीस?"

"जिना चढून, सर."

"मग जमतंय की!" असं म्हणून साहेबांनी अर्ज परत केला.

हसावं की रडावं मला कळेना.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्टोअरमधली ढकलगाडी आणली, तिला वर बसवलं आणि मांडीवर बाटल्यांचं खोकं दिलं. "आता तू सामान."

"कुणी विचारलं तर?"

"सामान बोलत नसतं. गप्प बस."

तेव्हापासून प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी ती. एक दिवस खाली येताना ओरडलीच, "काका, आज द्रावण गुलाबी झालं! माझ्या हातानं!" काका उगाच बटणं पुसत राहिले. मलाही फार बरं वाटलं.

पण अशा गोष्टी किती दिवस लपणार? परीक्षा तोंडावर आली आणि साहेबांनी पाहिलं. काकांची रवानगी गेटवर झाली. ढकलगाडीलाही कुलूप लागलं.

प्रॅक्टिकलच्या सकाळी ती एकटीच आली. जिन्याकडे पाहिलं, सरळ आत शिरली आणि तीनचं बटण दाबलं. मी दार लावणार, तेवढ्यात साहेब आत आले.

"कोणाच्या परवानगीनं?"

"परीक्षा आहे, सर. मी उतरणार नाही. तुम्हाला उतरायचं असेल तर उतरा."

साहेब उतरले नाहीत. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी हातानं दार धरून ठेवलं, ती बाहेर पडेपर्यंत. मग घसा खाकरून म्हणाले, "सावकाश लिही. वेळ आहे."

ती पास झाली. आता रोज येते. परवा दम लागलेल्या एका मैत्रिणीलाही घेऊन आली. माझ्या आत लिहिलंय, क्षमता सहा माणसं. इतकी वर्षं झाली, एकदाही सहा भरली नाहीत. या की!