पळसवाणी कुणाची?

मित्रांनो, पळसवाणी रेडिओच्या खोलीत टेबलावर किंचित वाकून उभा असलेला, जाळीला एका बाजूने पोचा आलेला काळा माइक तुम्ही पाहिला असेल. मीच तो. आता माझा रंग कडेकडेने उडाला आहे, आणि माझी स्पंजची टोपी उंदराने कुरतडल्यापासून ती दोऱ्याने बांधून ठेवलेली असते. तरीही रोज सकाळी समोरचा लाल दिवा लागला की माझ्या अंगात अजून धडधड होते. पूर्वी ती आनंदाची होती. हल्ली तिच्यात भीती मिसळली आहे. ती कशी मिसळली, ते आज सांगतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतो तो नागपूरहून निघालेल्या एसटीतला प्रवास. गावाचा रेडिओ चालवायला निघालेली सुरभी थूल नावाची तरुण मुलगी मला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाईने विचारले, "पोरी, काय हाय वो डब्यात? मिठाई?"

"नाही मावशी, आवाज आहे," सुरभी म्हणाली आणि स्वतःच हसली.

आमचे गाव रोहण्याहून आत, कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तिथल्या शिक्षण संस्थेला गावाचा रेडिओ चालवण्याची परवानगी मिळाली होती. संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव झाडे म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. उद्घाटनाच्या दिवशी ते माझ्यासमोर उभे राहून म्हणाले होते, "हा रेडिओ कोणा एका माणसाच्या नावाने मिळत नाही. संस्थेला मिळतो. तो विकता येत नाही, राजकीय पक्षाला चालवता येत नाही. म्हणून हा तुमचा आहे." टाळ्या माझ्या जाळीतून थरथरत गेल्या. मला वाटले, आपल्यासारखा सुरक्षित कोणी नाही.

पहिल्या वर्षी माझ्यासमोर बसायला कोणी धजत नव्हते. लोक दारापर्यंत येत, आत डोकावत आणि परत जात. मग टोलीवरून पंचफुला उईके आली. गोंडांची ही वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी आहे. पंचफुला कापूस वेचायला जात असे आणि वेचताना गाणी म्हणत असे. सुरभीने तिला शेतातच गाठून बोलावले होते. ती खुर्चीवर अंग चोरून बसली.

"मॅडम, मी गोंडीत बोलू का मराठीत? हसतील ना लोकं मले."

"जसं घरी बोलता तसं बोला."

पंचफुलाने डोळे मिटले आणि "जय सेवा" असा गोंडी नमस्कार करून गोंडीतच गाणे सुरू केले. त्या दिवशी टोलीतल्या म्हाताऱ्या माणसांनी आपली भाषा पहिल्यांदा रेडिओवर ऐकली. संध्याकाळी काहीजण खोलीपाशी आले आणि खरेच ती आत बसते का, हे खिडकीतून पाहून गेले.

पुढची वर्षे फार चांगली गेली, मित्रांनो. कपाशीवर बोंडअळी आली तर काय करायचे, आर्वीची बस आज येणार की नाही, दवाखान्यात डॉक्टर कधी बसणार, कोणाची शेळी चुकली, हे सगळे माझ्यातून गेले. मला कधी मोठे झाल्यासारखे वाटले नाही. मी फक्त जाळी होतो, आणि तिच्यातून गाव बोलत होते. एकच गोष्ट करण्याची आम्हाला मनाई होती. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येत, पण स्वतःच्या बातम्या देता येत नसत. बातम्यांसाठी तालुक्याला एक वर्तमानपत्र होते आणि एक केबल वाहिनी होती. दोन्ही तालुक्यातले बडे कारखानदार प्रफुलभाऊ यांच्या मालकीची. सरकीच्या तेलाचा कारखानाही त्यांचाच, आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला.

मागच्या उन्हाळ्यात टोलीतल्या हातपंपाच्या पाण्याला वास यायला लागला. लेकरांना उलट्या होऊ लागल्या. रुख्माबाई आत्राम ही टोलीतली जाणती बाई, तिचा नातू दवाखान्यात होता. ती बाटलीत पिवळसर पाणी घेऊन खोलीत आली आणि बाटली थेट माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, "सुरभी, हे सांग तुह्या रेडिओवर."

सुरभीचा चेहरा उतरला. "रुख्माबाई, कारखान्यामुळे झालं असं मी म्हणू शकत नाही. ते अजून सिद्ध झालेलं नाही. आणि बातमी देता येत नाही आपल्याला."

"मी कुठं कारखाना म्हणलं? पाणी पिऊ नका म्हण. इतकं तं म्हणता येते ना?"

लाल दिवा लागला. पंचफुलाने आधी गोंडीत आणि मग वऱ्हाडीत सांगितले, "टोलीच्या हातपंपाचं पाणी कोणी पिऊ नका. शाळेजवळच्या विहिरीचं आणजा. लेकराले उलटी झाली तं दवाखान्यात नेजा, घरी ठेवू नका." तिचा आवाज कापत होता. तो थरकाप मी जसाच्या तसा पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी त्या वर्तमानपत्रात टोलीबद्दल एक ओळही नव्हती. केबलवर भजनस्पर्धा होती. पण लोकांनी रेडिओ ऐकला होता. आरोग्य खात्याचे लोक आले, पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेले आणि हातपंपाला लाल रंग फासून तो बंद केला. टोलीतली आजारी लेकरे हळूहळू बरी झाली. रुख्माबाईचा नातूही घरी आला.

मला वाटले, आता आपले कौतुक होईल. त्याऐवजी पावसाळ्याच्या तोंडाला टॉवरवर वीज कोसळली आणि आमचा ट्रान्समीटर जळला. रेडिओ मुका झाला. माझ्यावर धूळ बसू लागली. लाल दिव्याकडे पाहत मी दिवसचे दिवस काढले. मित्रांनो, माइकला गप्प बसण्याची फार भीती वाटते.

अशातच एका दुपारी प्रफुलभाऊ आले. मला वाटले होते ते रागावलेले असतील. ते तर हसतमुख होते. त्यांनी माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. "सर, तुमच्या संस्थेनं किती मोठं काम केलं! नवा ट्रान्समीटर मी देतो. इमारतही बांधून देतो. माझी एकच इच्छा आहे. तुम्ही आता थकलात. संस्थेचं अध्यक्षपद माझ्याकडे द्या."

"रेडिओ विकता येत नाही, भाऊ," सर म्हणाले.

"विकायचं कोण म्हणतं? संस्था तीच, नाव तेच. फक्त अध्यक्ष बदलेल. यात कोणता नियम मोडतो, सांगा."

कोणताच मोडत नव्हता. त्या क्षणी माझ्या तारेतून गारठा गेला. उद्घाटनाच्या दिवशी ज्या नियमाचा मला आधार वाटला होता, त्याला मागचे दार होते, आणि ते उघडेच होते.

ते गेल्यावर सुरभी आणि सर यांच्यात वाद झाला. तो मी पूर्ण ऐकला.

"सर, पेपर त्यांचा, केबल त्यांची. आता रेडिओही त्यांचाच झाला, तर टोलीचं पाणी पुन्हा नासलं की सांगायचं कोणी?"

"आणि रेडिओ बंदच राहिला, तर कोण सांगणार आहे? सुरभी, मला छातीचा त्रास आहे. माझ्या डोळ्यांदेखत हा मुका होऊ नये, एवढंच मला वाटतं. पैसेवाला माणूस आला म्हणून तो वाईटच, असं कसं म्हणायचं?"

"मी त्यांना वाईट म्हणत नाही. सगळं एकाच हातात नको म्हणते."

मला दोघांचेही पटत होते, आणि म्हणूनच मला झोप लागेना. प्रफुलभाऊ आले तर मी पुन्हा बोलू लागेन. पण काय बोलेन? ते आले नाहीत, तर मी अडगळीत जाईन. स्वतःच्या जिवाची ओढ आणि टोलीची काळजी, दोन्ही एकाच वेळी मला कुरतडत होत्या.

शेवटी संस्थेच्या सभासदांची सभा बोलावली गेली. शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या. मागच्यांना ऐकू यावे म्हणून पंचफुलाने मला पदरात गुंडाळून तिथे नेले. दोन ठराव होते. पहिला, प्रफुलभाऊंना अध्यक्ष करण्याचा. दुसरा सुरभीने मांडलेला होता. ज्याच्या मालकीचे वर्तमानपत्र किंवा वाहिनी आहे, त्याने रेडिओच्या कारभारात बसू नये, आणि ऐकणाऱ्या वस्त्यांतले लोक कारभारात घ्यावेत, असा तो होता.

किराणा दुकान चालवणारा धीरज उभा राहिला. तो संस्थेचा सभासद होता. "सुरभीताई, नियम करणं सोपं हाय. मशीन कोण देईल? तुमचा नियम देईल का?"

"मशीन कुठून आणायचं ते मला अजून माहीत नाही," सुरभीने मोकळेपणाने सांगितले. व्हरांड्यात कुजबुज झाली. मला वाटले, संपले सगळे.

तेवढ्यात पंचफुला बोलली. सभासद नसल्यामुळे ती कडेला, उन्हात उभी होती. "सर, मले बोलता येते का? आवाज आमचा जाते या रेडिओतून. पण हात वर कराची पाळी आली का आमी बाहेर. मंग हा रेडिओ आमचा, असं तुमी काऊन म्हणत होते?"

सरांनी मान खाली घातली. प्रफुलभाऊ समजुतीने म्हणाले, "बाई, मी तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. टोलीला उद्यापासून टँकर लावतो. शब्द देतो."

टोलीच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले. शाळेजवळची विहीर लांब होती. हंडे वाहून बायकांच्या माना धरल्या होत्या. टँकरची गोष्ट लहान नव्हती. रुख्माबाई उठून पुढे आली. पंचफुलाने मला तिच्या तोंडाजवळ धरले.

"भाऊ, टँकर पाठवा. आमी पाणी पिऊ, तुमाले दुवा देऊ. पण ज्या दिवशी टँकर येनार नाई, त्या दिवशी ते सांगाले एक जागा रावू द्या. ती जागा बी तुमचीच झाली, तं सांगाचं कोणाले?"

सरांनी माझी मान स्वतःकडे वळवली. "मी दुसरा ठराव आधी घेतो," ते म्हणाले. "माझं मत काल वेगळं होतं. आज हा हात वर करतो." त्यांचा हात वर गेला. मागून आणखी हात वर आले. सगळे नाही. धीरजचा हात मांडीवरच राहिला, आणि त्याच्याभोवतीचेही बरेच. पण ठराव मंजूर झाला. पहिला ठराव मग मांडावाच लागला नाही.

प्रफुलभाऊंनी सगळ्यांना नमस्कार केला, रेडिओला शुभेच्छा दिल्या आणि गाडीत बसून गेले. टँकर आला नाही. वर्तमानपत्रात सभेबद्दल काही छापून आले नाही. पुढे ग्रामपंचायतीने टँकर लावला, पण तो कधी येतो, कधी येत नाही. येणार नसला की पंचफुला सकाळीच तसे सांगते.

हो, मी पुन्हा बोलतो. गावोगावच्या लोकांनी जमेल तशी मदत केली आणि जुना ट्रान्समीटर कसाबसा दुरुस्त झाला. पण त्याचा जोर पूर्वीसारखा नाही. आर्वीच्या रस्त्याकडची गावे आम्हाला आता ऐकत नाहीत. तिथली माणसे भेटली की विचारतात, "तुमचा रेडिओ बंद पडला का?" धीरजचा प्रश्न खोटा नव्हता, हे मला रोज जाणवते. रुख्माबाई आणि पंचफुला आता कारभारात आहेत. सर घरी असतात. सकाळी ते रेडिओ लावतात आणि आवाज आला, म्हणजे सुरभीला फोन करतात. नुसते "आला" म्हणतात.

आरोग्य खात्याने नेलेल्या पाण्याचा अहवाल अजून मिळालेला नाही. आम्ही दर आठवड्याला सांगतो, "अहवाल अजून आलेला नाही." सुरभी सांगते की, एका माणसाने किती वर्तमानपत्रे, किती वाहिन्या, किती रेडिओ ठेवावेत यावर मोठ्या शहरांतही वाद चालतात. मर्यादा सैल करा म्हणणारेही आहेत आणि घट्ट करा म्हणणारेही. कोणता नियम केव्हा बदलेल, मला माहीत नाही. दारात गाडी थांबली की अजूनही माझी तार आक्रसते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, ओल लागू देऊ नका, वायर पायाखाली येऊ देऊ नका. एवढी काळजी घेतलीत, तर मी आणखी काही वर्षे काम करीन. पण त्याहून मोठी काळजी तुम्हालाच घ्यायची आहे. माझ्यासमोर कोण बसते, त्याला कोणी बसवले आणि कोणाला उठवले, इकडे कान ठेवा. एखाद्या सकाळी पेपरातून, टीव्हीतून, रेडिओतून एकच माणूस गोड आवाजात बोलताना ऐकू आला, तर घाबरू नका. फक्त मोठ्याने विचारा, बाकीचे कुठे गेले? आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.