तसं काही नाही

"विचारलं होतं की नाही तुम्ही?" वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

"विचारलं होतं. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते का, अगदी याच शब्दांत."

"मग घरमालक काय म्हणाले?"

"तसं काही नाही, म्हणाले."

"म्हणजे ओल येत नाही, असं म्हणाले?"

सिस्टरच्या लक्षात आलं, तसं ते म्हणालेच नव्हते. सगळं हॉस्पिटल तिला मोठी सिस्टर म्हणायचं, आणि तिच्या वॉर्डात 'तसं काही नाही' या उत्तराला थारा नव्हता. दुखतंय का विचारलं की पेशंट हेच म्हणणार. सिस्टर लगेच विचारणार, "मग कसं?" आणि तिथून हलणार नाही. मग हळूहळू बाहेर यायचं, जिना चढताना छातीत भरून येतं, गोळ्या कधीच्या बंद केल्यात, घरी कुणाला सांगू नका. नव्या नर्सेस तिच्या पाठीमागे तिची नक्कल करून खिदळायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

आणि घर घेताना हीच बाई नुसतं "बरं" म्हणून मोकळी झाली.

कारण होतं मागच्या खोलीची खिडकी. बाबांना दमा. भाड्याच्या जागेत ते दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. घर बघायला आले, या खिडकीत उभे राहिले आणि समोरच्या मैदानातला फुटबॉल बघत पंचाला नावं ठेवायला लागले. झालं, घर तिच्या मनात भरलं. मनात भरलेल्या गोष्टीची उलटतपासणी कोण करतं? भिंतीचा नवा रंग तिला छान वाटला, भिंतीला लावलेलं मोठं कपाटही सोयीचं वाटलं. थंडी सुरू झाली तशी कपाटामागून काळी बुरशी पसरत आली आणि बाबांचा श्वास पुन्हा शिट्टी वाजवू लागला.

"हे बघा," वकीलबाई म्हणाल्या, "विकणाऱ्याला दोष माहीत असेल आणि घेणाऱ्याला तो सहज दिसणारा नसेल, तर सांगायला हवा. विचारल्यावर दिशाभूल केली तर व्यवहार रद्द करून मागता येतो. नाहीतर घर ठेवा आणि भरपाई मागा. पण त्यांना माहीत होतं, हे दाखवावं लागेल. आणि हे उत्तर म्हणजे चांगलीच पळवाट आहे."

"मग त्यांना बोलवा इथे," सिस्टर म्हणाली. "एक प्रश्न राहिलाय माझा."

जुने घरमालक एकटेच आले. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. बसायच्या आधीच म्हणाले, "सिस्टर, मी खोटं बोललेलो नाही. तुम्ही ओलीचं विचारलंत, मी म्हणालो, तसं काही नाही."

"मग कसं?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग वकीलबाईंकडे. वकीलबाई काही बोलणार होत्या, सिस्टरने त्यांना हातानेच थांबवलं. तिला अजिबात घाई नव्हती. वॉर्डात पेशंटचं मनगट धरून थांबायची, तशी ती बसून राहिली.

"दर थंडीत येते," मास्तर अखेर म्हणाले. "आतला पाइप गळतो. दुरुस्त करायचा तर शेजाऱ्यांची मोरी फोडावी लागेल, ते काही ऐकत नाहीत. आमची ही त्या खोलीत सारखी खोकायची. मुलीकडे नेलं तर खोकला गायब. तेव्हा कळलं, खोकला तिचा नव्हता, भिंतीचा होता. मग मीच रंग दिला आणि कपाट सरकवलं."

"माझ्या वडिलांच्या हातातला दम्याचा पंप बघितला होता तुम्ही?"

"बघितला होता," मास्तर अगदी हळू म्हणाले.

सिस्टरला इतका राग आला, की उठून निघून जावंसं वाटलं. पण ती बसूनच राहिली.

"घर परत घ्या," ती म्हणाली. "भरपाई घेऊन ती भिंत मला नको. आणि पुढचं गिऱ्हाईक विचारेल तेव्हा?"

"ओल येते, असं सांगेन."

"आत्ता जे सांगितलंत ते लिहून द्या," असं म्हणत वकीलबाईंनी कागद पुढे केला. मास्तरांनी सुंदर अक्षरात सगळं लिहून दिलं.

घर सोडायच्या दिवशी खोल्या रिकाम्या झाल्या. सगळं ठरवलं तसं झालं होतं, कुठे काही अडलं नव्हतं. बाबा मागच्या खोलीत खिडकीशी उभे होते. मैदानात खेळ रंगात आला होता.

"वाईट वाटतंय का गं तुला?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"तसं काही नाही."

"मग कसं?" बाबा म्हणाले आणि तिच्याकडे वळून उभे राहिले.

तिने किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या.

"वाटतंय, बाबा. खूप वाटतंय."

बाबा खिडकीत जरा सरकले. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि सामानाची गाडी येईपर्यंत दोघांनी मिळून पंचाला नावं ठेवली.