थडग्याशेजारचं बारसं

माझ्या भावाची मुलगी तीन महिन्यांची झाली तरी तिचं बारसं झालं नव्हतं, आणि आता जे व्हायचं होतं ते चर्चमध्ये. म्हणजे बाप्तिस्मा. बरं, तोही होऊ दे, माझं काही म्हणणं नाही. पण नाव कोण सांगणार? तर केट. हॅनाची बहीण, म्हणजे बाळाची मावशी! सख्खी आत्या ओटाहुहूहून सकाळी सकाळी पैठणी नेसून पापाकुराला हजर, आणि नाव सांगणार मावशी. आमच्या सात पिढ्यांत असं कुणी ऐकलं नसेल.

"ताई, चर्चमध्ये नाव गॉडमदर सांगते, आणि ती व्हायला स्वतःचा बाप्तिस्मा झालेला लागतो," देवव्रत म्हणाला. "रूल आहे तो. घरी करू ना आपण बारसं नंतर. पेढे वगैरे, प्रॉपर."

"नंतर? सगळ्या जगाला नाव कळल्यावर मी तिच्या कानात काय सांगू, हवामानाचा अंदाज?"

"प्लीज, आज सीन नको. आणि नाव कुणापुढे बोलू नकोस हं. हॅनाच्या नॅनला सरप्राइज आहे." एवढं बोलून तो पार्किंगकडे पळाला. ह्याला मी पुण्याहून इथे परदेशात आणला, कॉलेजात घातला, आई गेल्यावर आईसारखा सांभाळला. आणि आता हा मला रूल सांगतो.

ते चर्च मला नवीन नव्हतं. इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी कधीकाळी बांधलेलं, पांढऱ्या लाकडाचं, लहानसं. हॅनाच्या घराण्यातल्या सगळ्यांचे बाप्तिस्मे तिथे, लग्नं तिथे आणि मातीही तिथेच, दाराबाहेर. पाळणा, बोहलं आणि स्मशान एकाच आवारात! देवव्रतच्या लग्नालाही आम्ही थडग्यांमधूनच आत गेलो होतो. मी करवली. घरून अक्षता रंगवून, पुड्या बांधून नेल्या, तर एक बाई गोड हसून म्हणाल्या, इथे तांदूळ टाकायचे नाहीत, झाडणाऱ्यांना त्रास होतो. अख्खं लग्न मी मुठीत अक्षता धरून बसले होते.

आणि मग दोन वर्षांपूर्वी आर्थर गेले. हॅनाचे आजोबा. माती झाली आणि सगळी मंडळी शेजारच्या हॉलमध्ये चहा आणि स्कोन नावाचे गोडसर पाव घ्यायला! आपण स्मशानातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. 'येते' तर म्हणायचंच नाही. तसल्या कारणासाठी पुन्हा येणं कुणी मागतं का? मी रीतसर, कुणाशी न बोलता, गाडी काढली आणि घरी आले. तर काय, संपदा तोंड फिरवून गेली, आजीशी दोन शब्दही बोलली नाही, अशी बोंब. देवव्रतनं मला त्यांच्या रीती समजावल्या. आपल्या रीती त्यांना समजावायची तसदी मात्र साहेबांनी घेतली नाही. तेव्हापासून आजी, म्हणजे सगळ्यांची नॅन, माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलायची.

आज आत फुलं लावणं चाललं होतं. व्हिकरबाईंनी, म्हणजे तिथल्या पाद्रीणबाईंनी, इथल्या नमस्काराचं "किया ओरा" म्हणून माझा हात हातात घेतला आणि त्या केटला कुठे उभं राहायचं ते दाखवायला लागल्या. ते काही मला बघवेना. मी बाहेर आले, तर नॅन आर्थरच्या थडग्याशेजारच्या बाकावर ऊन खात बसलेली आणि बाळ तिच्या मांडीवर! लहान लेकरू, अंगात घराण्याचा जुना, पिवळट पडलेला पांढरा झगा, ना काळी तीट, ना काही, आणि बाजूला थडगं.

"इथे कशाला बसवलंय तिला?" मी म्हणाले. आवाज चढलाच.

"आर्थरला दाखवायला आणलीय," नॅन म्हणाली. "तुला घाई असेल तर जा. मागच्या वेळी होतीच."

झालं! दोन वर्षं मनात धरलेलं म्हातारीनं बाहेर काढलं. मग मीही काढलं. उभ्या उभ्या, पदर खोचून, माझ्या इंग्लिशची चाळण होईपर्यंत सगळं सांगितलं. अंघोळ, पाणी, 'येते' का म्हणायचं नाही. तुमच्या दुःखात पुन्हा यायला लागू नये म्हणून मी मुकी गेले. आणि वर हे बारसं! आमच्यात नाव सांगायचा मान आत्याचा असतो. ती आधी बाळाच्या कानात सांगते, मग सगळ्यांना. माझ्याकडे दुसरं काय आहे इथे? ना आई, ना सासर, एक भाऊ आणि ही पोर. त्यातही मी तिसऱ्या बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या.

नॅननं सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटलं, तुला माझे स्कोन आवडले नाहीत," ती म्हणाली. मग बाळाचं टोपडं तिनं मागे सारलं. "व्हिकरला पाणी लावायला फक्त कपाळ लागतं. कान मोकळे आहेत की."

"इथे? थडग्याशेजारी? आमच्यात अशुभ मानतात."

"आमच्यात नाही. लवकर कर, ते बोलावतील."

काय करणार? मी वाकले. पोरीच्या अंगाला दूध आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. तिच्या कानाला तोंड लावून मी 'कुर्रर्र' केलं आणि नाव सांगितलं. पोरीनं माझ्या नथीवर झडप घातली.

"काय सांगितलंस?"

देवव्रतची ताकीद मला आठवली. पण नाव मोठ्यानं सांगितल्याशिवाय आत्याचं काम पुरं होत नाही. आणि खरं सांगते, मला ते सांगायचंच होतं.

"निशिगंधा," मी म्हणाले. "निशिगंधा मार्गारेट."

नॅनचंच नाव मार्गारेट. ती थडग्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आता पुढे?"

"काही नाही. आता बायका आत्याला मारतात. पाठीत."

"कुठल्या बायका?"

"असतात त्या. आई, काकू, शेजारणी." बोलता बोलता मी पोरीचं टोपडं उगाच सरळ करायला लागले.

नॅननं आवारभर नजर फिरवली. थडग्यांखेरीज तिथे कुणी नव्हतं. बाळ माझ्या हातात देऊन ती काठीवर जोर देत उठली, माझ्या मागे आली आणि तिनं पाठीत धपाटा घातला. शेतावर राबलेला हात तो! मग दुसरा. मग तिसरा, सगळ्यांत जोराचा.

"हा स्कोनचा," ती म्हणाली.

आई गेल्यापासून माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. मी पोरीला छातीशी धरून तशीच उभी राहिले आणि नॅननंही हात काढला नाही.

"ताई! नॅन! चला ना, सगळे थांबलेत!" देवव्रत दारातून ओरडला. मग माझ्या रडवेल्या तोंडाकडे बघून त्यानं कपाळाला हात लावला. "परत भांडलात?"