फारकतीचा कागद

"ही सही तुमचीच ना, चांगुणाबाई?" विक्रीकर कचेरीतल्या साहेबांनी विक्रीचं पत्रक पुढे सरकवलं.

आई पत्रक हातात घेऊन पाहू लागली, तोवर मीच बोलले. मी यंदा मॅट्रिकला, वक्तृत्वात तालुक्यात पहिली. साहेबाला घाबरते थोडीच.

"माही माय अंगठा नाही लावत, साहेब. सही करते."

कारकून रामराव हसले. "घ्या. पोरगीनंच गवाही देल्ली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे तेलाचं दुकान तुमच्या नावावर, विक्री लपवलेली पत्रकं तुमच्या सहीची. कर आणि दंड तुम्हीच भरायचा. नाहीतर घरावर जप्ती."

काय बोलून बसले मी! दुकान बापानं आईच्या नावावर काढलं होतं, चालवलं त्यानंच. फारकत देऊन तो अकोल्याला गेला आणि नोटीस आली आमच्याकडे. घर म्हणजे दोन खोल्या, आईनं खामगावच्या बाजारात वांगी विकून उभ्या केलेल्या.

"सही येते, साहेब," आई म्हणाली. "पन मागच्या दिवाळीपासून. या पोरीनंच शिकवली. हे पत्रकं त्याच्या दोन साल आधीचे."

"पुरावा?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू बाहीर जाय."

"काऊन?"

"जाय म्हनलं ना."

मी हलले नाही. तिनं पिशवीतून एक कागद काढला. घरात असा कागद आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

रामरावांनी तो खणखणीत वाचायला घेतला. "सदर बाई अडाणी असून तीस सहीदेखील करता येत नाही, सबब व्यापारी माणसाच्या संसारास…" पुढचं त्यांनी तोंडातल्या तोंडात वाचलं. खाली 'शेषराव' अशी बापाची झोकदार सही, शेजारी आईचा अंगठा.

साहेबांनी तारीख दोनदा पाहिली. "पत्रकांनंतरची आहे. तेव्हाही यांना सही येत नव्हती, आणि हे त्यानंच लिहून दिलंय. रामराव, शेषरावाच्या नावानं समन्स काढा." मग आईला म्हणाले, "हा कागद सध्या इथं राहील, बाई. नंतर घेऊन जा."

"राहू द्या. मले नाही लागत."

पायऱ्या उतरताना मी विचारलं, "माय, त्यात काय लिवलं होतं तुले मालूम होतं?"

"फारकतीच्या दिवशी पंचायनं बी असंच मोठ्यानं वाचलं होतं. तुही मावशी रडली, मी नाही रडली."

आईनं रिकामी पिशवी झटकली, तिची चौघडी घातली आणि कंबरेला खोचली.