टोपी वर आली की बोलावते

मित्रांनो, मला तोंड आहे, पोट आहे, डोक्यावर लोखंडी टोपीसुद्धा आहे. नाही ती फक्त वाचा. मी एक जुनी बायोगॅसची टाकी आहे. बटाट्याच्या कारखान्यामागे जी गल्ली आहे, तिच्या शेवटच्या घराच्या परसात मी असते, अर्धी जमिनीत आणि अर्धी वर. आज माझी टोपी खाली बसली आहे. ती का बसली, ते ऐकायला थोडा वेळ थांबाल ना?

माझा जन्म घाणीतून झाला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कारखान्यात बटाटे सोलून त्यांचं पीठ करत. सालं आणि उरलेला चोथा मागच्या ओढ्यात जाई. तो तिथे कुजे, फेसाळे, आणि गल्लीतली माणसं खिडक्या लावून जेवत. मग कुणा भल्या माणसाला सुचलं, कुजणारच आहे तर कामाचं कुजू दे. गवंड्याने खड्ड्यात विटांचं गोल पोट बांधलं. त्यावर तरंगणारी लोखंडी टोपी बसवली. पोटात गॅस भरला की टोपी वर चढे, गॅस वापरला की खाली उतरे. एका बाजूला सालांचा लगदा ओतायला हौद, दुसऱ्या बाजूला उरलेली मळी बाहेर पडायला वाट, आणि टोपीतून निघालेली एक नळी थेट स्वयंपाकघरात.

दुधाला विरजण लावतात ना? तसं मला शेणाचं विरजण लावलं. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. तेच सालं खातात, तेच गॅस देतात. खरं सांगायचं तर मी नुसतं घर, राबणारे ते.

ज्या घराला मी गॅस देई, त्या घरात दोन जावा होत्या. थोरली कमी बोलणारी, हात सतत कामात. धाकटी हसरी, पण दम्याची. घर दोन खोल्यांचं, आणि चुलीच्या धुराला ही खोली कुणाची ते कळत नाही. धूर झाला की धाकटीचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "औषध मी देईन. धूर बंद करणं तुमच्या हातात."

पहिल्यांदा निळी ज्योत पेटली तेव्हा धाकटी शेगडीशेजारीच बसून राहिली.

"ताई, ऐका ना, वाजत नाही!"

"काय वाजत नाही?"

"माझी छाती!"

थोरलीने पदराने डोळे टिपले आणि भांडं चढवलं. त्या दिवसापासून तिने एक नेम धरला. सकाळी कारखान्यातून सालांची बादली आणायची, पाण्यात कालवून माझ्या हौदात ओतायची, आणि मगच स्वतः घास घ्यायचा. पाऊस असो, ताप असो, घरात पाहुणे असोत, नेम चुकला नाही.

शेजारच्या काकू कुंपणावरून चिडवत, "घरात नवरा उपाशी आणि टाकीला न्याहारी!"

"नवऱ्याला हात आहेत, काकू. तिला नाहीत," थोरली म्हणे.

ते माझे सुखाचे दिवस होते. ओढ्याचं पाणी निवळलं. माझ्या मळीवर परसातला भोपळा असा माजला की काकूंच्या छपरावर चढला, आणि भोपळे कुणाचे यावरून रोज गोड भांडण होई. लोक माझी चढलेली टोपी पाहून म्हणत, "टाकी आज ऐटीत आहे हो!" मीही ऐटीत असे.

मग थोरलीला दवाखान्यात सफाईचं काम मिळालं. तिथे तिला शिकवलं, की जिथे घाण तिथे रोग, आणि रोगाला फिनेल. ते तिने मनावर घेतलं. फरशी, मोरी, दाराचा उंबरा, सगळं ती फिनेलने धुऊ लागली. एके दिवशी माझ्या हौदाजवळ थांबली. आंबूस वास आला. तो वास धाकटीच्या छातीत जाईल, या काळजीने तिचा चेहरा उतरला. टाकी बसवणाऱ्या फिटरने जाताना सांगितलं होतं, "रोज वेळेवर घाला आणि स्वच्छ ठेवा, बस." काय घालू नये, हे त्याने सांगितलं नव्हतं. तिने हौद फिनेलने घासला, लख्ख केला, आणि ते सगळं पाणी माझ्या पोटात ओतलं.

मित्रांनो, मी तेव्हा ओरडू शकले असते तर! आतले माझे जीव तडफडले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आधी सालं आणि मग फिनेल. तिसऱ्या दिवशीही. नेमच तो! ज्योत फडफडू लागली, मग मध्येच विझू लागली. थोरली माझ्या टोपीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "पोटात काही साचलंय का गं तुझ्या?" आणि तिने फिनेल वाढवलं. माझं दुखणं आणि तिचं औषध एकच होतं. मी काय करणार?

टोपी बसली. चूल पुन्हा पेटली.

धाकटी खोकला लपवायची. धूर झाला की काहीतरी निमित्त काढून परसात येई आणि माझ्या भिंतीला पाठ टेकून बसे. तिची छाती वाजे, ते माझ्या विटांना कळे. शेवटी एका सकाळी तिच्या ओठांवर निळसर छटा आली, आणि थोरलीने तिची पिशवी भरली.

"माहेरी जा. तिकडे धूर नाही. टोपी वर आली की बोलावते."

"आणि नाही आली तर?"

"तर मी हातांनी उचलून धरीन. जा आता, गाडी चुकेल."

धाकटी हसली. हसताना तिला खोकला आला. जाताना तिने माझ्या टोपीवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला, तो तिघींनी ऐकला.

फिटर बऱ्याच दिवसांनी आला. हौदाशी वाकला, नाक फेंदारलं.

"वहिनी, हा वास कसला?"

"फिनेलचा. रोज धुते मी," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "तुम्हीच म्हणालात ना, स्वच्छ ठेवा."

फिटरने डोक्याला हात लावला. "स्वच्छ म्हणजे आजूबाजूचं हो! आत जिवंत जीव आहेत. फिनेलने तेच मेले."

थोरली हौदाच्या काठावर बसली. कितीतरी वेळ तिने हातातला ब्रश खाली ठेवला नाही. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे तिचा श्वास मीच बंद केला."

"मी नीट सांगायला हवं होतं," फिटर म्हणाला. पण ती ऐकत नव्हती.

माझं पोट उपसलं. नवं शेण घातलं. थंडीचे दिवस आहेत, विरजण लवकर धरत नाही. धरेल का, हे फिटरलाही सांगता आलं नाही. थोरली रोज पहाटे येते. थोडीशी सालं घालते, साध्या पाण्याने काठ पुसते, आणि टोपीवर तळहात ठेवून उभी राहते.

मित्रांनो, तुमच्याही घरात, अंगणात, गोठ्यात कितीतरी मुके असतील. त्यांच्यावर माया करा, पण माया करण्याआधी त्यांच्या पोटात काय राहतं, त्यांना काय सोसत नाही, हे कुणाला तरी विचारून घ्या. आम्हाला नको म्हणता येत नाही. प्रेमाने दिलेलंही आम्हाला गिळावंच लागतं.

आज पहाटे माझ्या तळाशी काहीतरी हललं. एक बुडबुडा सुटला, वर आला आणि टोपीला आतून टेकला. टोपी उचलण्याइतकं बळ त्यात नव्हतं. थोरलीचा हात तेव्हा नेमका त्याच जागी, बाहेरून टेकलेला होता. मधे फक्त पत्रा होता.

तिला काही कळलं नाही. तिने हात काढला आणि ती चूल पेटवायला आत गेली.