भिंतीकडचं एक रोप

आश्विनातलं मल्लेश्वरमचं ऊन दुपारीही मऊ असतं. त्या उन्हात कुंपणाच्या भिंतीशी वाकलेला करडा स्वेटर, आणि मिटलेल्या मुठीतून येणारा 'टच्' असा बारीक आवाज, एवढ्यावरून मला अक्का आठवतात. तेरड्याचं पिकलेलं बोंड अक्का रोपावरच मुठीत धरत. ते आतल्या आत फुटे, बिया तळव्यावर उडत, आणि कुणी गुदगुल्या केल्यासारखं हसू त्यांच्या चेहऱ्यावर उमटे. मग मूठ स्वेटरच्या खिशात रिकामी होई.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पुण्यात मी त्यांना वन्सं म्हटलं असतं. पण या घराच्या मराठीनं कित्येक पिढ्या बेंगळुरूचं पाणी प्यायलेलं, तिथे थोरली ती अक्काच. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या या करड्या स्वभावाच्या बाईनं, रानात कुणी न विचारता उगवणाऱ्या तेरड्याला भिंतीलगतच्या दोन हात मातीत चाळीस वर्षं लेकीसारखं वाढवलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी त्याचं, सकाळचं कोवळं ऊन त्याचं, आणि गोगलगायींवरचा रागही त्याच्याच वाट्याचा. नर्सरीत याहून टपोरी फुलं मिळतात, असं मी एकदा बोलून गेले. "ती शोकेसमधली गं," त्या म्हणाल्या. "गौर रानातून येते."

आमच्याकडे मुखवट्यांची गौर नाही, तेरड्याची. रोपं मुळांसकट उपटायची, कारण मुळं म्हणजे तिची पावलं. भाद्रपदात अक्का ओल्या मातीतून एकेक रोप असं सोडवून घेत, की मातीलाही ते कळू नये. भिंतीकडचं एक मात्र दर वर्षी मागे राही. मी बोट दाखवलं की म्हणत, "असू दे ती. तिला स्वल्प उशिरा यायचंय." म्हातारपणी कंबर वाकत नसेल, असा माझा शहाणा निष्कर्ष होता.

गेल्या वर्षी माघात अक्का गेल्या. त्यांच्या चष्म्याच्या जुन्या डबीतलं सगळं बी मी पावसाळ्याच्या तोंडावर पेरलं, आणि गौरीला मोठ्या हौसेनं सगळी रोपं उपटली. भिंतीकडचंही उपटलं, अक्कांचं राहून जायचं, माझं राहायला नको. जुडी भरघोस झाली, शेजारणींनी कौतुक केलं, तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. पुढे आश्विनात बोंडं धरायला मी भिंतीशी गेले, तर समोर नुसती उघडी माती. चाळीस वर्षं राखलेलं बी मी एका सकाळी, मनोभावे, संपवलं होतं. अक्का गेल्या तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

या वर्षी ज्येष्ठ आला तशी मी रिकामी डबी उगीच पुसून ठेवली. पंधरा दिवसांनी मागच्या धुण्याच्या दगडापाशी, सिमेंटच्या भेगेत, दातेरी पानांची चार रोपं दिसली. मी नवऱ्याला हाक मारली. तो उकिडवा बसून पाहू लागला. "अक्का स्वेटर इथंच झटकायची की," तो म्हणाला. "खिसे उलटे करून."

मी चारही रोपांना तांदळाचं पाणी घातलं. गौरीला तीन उपटली. जुडी किरकोळ झाली. शेजारीण म्हणाली, एक राहिलं बघा. मी म्हटलं, "असू दे. तिला उशिरा यायचंय."

आज दुपारी त्या रोपाचं बोंड माझ्या मुठीत फुटलं, आणि मला हसू आलं. काळ माणसं मुळांसकट नेतो, हे खरंच. पण भिंतीकडचं एखादं रोप तोही जाणूनबुजून मागे ठेवत असावा.